जगवावं लागणारं चित्र

दोन जुने टीव्ही शेजारी शेजारी ठेवले आहेत. दोन्हींत मासे पोहताहेत. एकातले मासे ओले आहेत. दुसऱ्यात दिसतं ते त्याच माशांचं, त्याच क्षणी कॅमेऱ्यातून आलेलं चित्र. नाम जून पाईक या कोरियन-अमेरिकी कलावंताची ही १९८२ सालची रचना. नाव 'रिअल फिश / लाइव्ह फिश'. एका टीव्हीचं पोट रिकामं करून त्यात पाण्याची टाकी बसवली, टाकीवर कॅमेरा रोखला आणि कॅमेऱ्याची तार दुसऱ्या टीव्हीला जोडली. सामग्री एवढीच. मात्र गेल्या शतकाने 'पाहणं' या गोष्टीचं काय केलं, हे या दोन खोक्यांइतकं नेमकं सांगणाऱ्या कलाकृती मला फार थोड्या माहीत आहेत.

जुन्या टीव्हीचा फिश टँक करायची कल्पना आता जगभर रुळली आहे. कुणी लाकडी कॅबिनेटचा टीव्ही वापरतो, कुणी प्लास्टिकचा पोर्टेबल. अँडी इहनॅटको या अमेरिकी लेखकाने तर जुन्या मॅकिंटॉश संगणकाच्या खोक्यात टाकी कशी बसवायची याचा तपशीलवार आराखडा लिहिला, आणि 'मॅकक्वेरियम' हा त्या हौशी मंडळींचा आवडता प्रकार होऊन बसला. अशा वस्तूंचं कौतुक बहुधा 'टाकाऊतून टिकाऊ' या सदरात होतं आणि तिथेच संपतं. मला ते सदर अपुरं वाटतं. टीव्हीच्या जागी मासे आले की नुसती वस्तू बदलत नाही. तिच्यासमोर बसणाऱ्या माणसाचं तिच्याशी असलेलं नातं उलटतं. पाईकची रचना त्या उलटण्याचा अर्थ उलगडते.

पाईकचा जन्म १९३२ चा, सोलचा. तोक्यो विद्यापीठात त्याने अर्नोल्ड शॉनबर्गच्या संगीतावर प्रबंध लिहिला आणि १९५६ मध्ये तो जर्मनीला गेला. तिथे १९५८ साली संगीतकार जॉन केजची गाठ पडली आणि त्याची वाट बदलली. मार्च १९६३ मध्ये वुपरटालच्या पार्नास गॅलरीत त्याचं पहिलं एकट्याचं प्रदर्शन झालं. त्यात त्याने टीव्ही संच चक्क आतून छेडून मांडले होते. त्यातला एक संच वाटेतच बिघडला आणि त्याच्या पडद्यावर फक्त एक आडवी रेघ उरली. पाईकने तो दुरुस्त केला नाही. संच कुशीवर उभा केला, रेघ उभी झाली, आणि 'झेन फॉर टीव्ही' ही कलाकृती जन्मली. पुढे १९७४ मध्ये 'टीव्ही बुद्ध' आला: बुद्धाची जुनी मूर्ती समोरच्या पडद्यावर स्वतःलाच पाहत बसलेली. १९७५ च्या 'कॅण्डल टीव्ही'त त्याने संच पूर्ण रिकामा केला आणि आत एक पेटती मेणबत्ती ठेवली.

या क्रमाकडे नीट पाहिलं तर पाईकचा हात कुठे चालला होता ते कळतं. आधी त्याने चित्र बिघडवलं, मग चित्राला थांबवून स्वतःकडे वळवलं, मग चित्रच काढून टाकून ज्योत ठेवली. ज्योत हलते, उजळते, पण जगत नाही. तिच्या जागी मासा ठेवणं ही पुढची पायरी. आता खोक्यात असं काहीतरी होतं, जे दुसऱ्या दिवशीही तिथे असावं यासाठी कुणाला तरी खटपट करावी लागणार होती.

'रिअल फिश / लाइव्ह फिश'समोर उभं राहिलं की पहिली परीक्षा नजरेची. दोन चौकटी, दोन्हींत तीच हालचाल. डोळा सहज पडद्याकडे ओढला जातो, कारण पडदा स्वतः उजळतो आणि टाकी फक्त उजेड घेते. पडद्यावरचा मासा जरा मोठा, जरा ठळक, कॅमेऱ्याने निवडून दिलेला. अमेरिकी पद्धतीच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत ५२५ रेघांत, सेकंदाला सुमारे ३० वेळा चित्र नव्याने काढतो. म्हणजे पडद्यावर मासा एका जागी स्थिर दिसतो तेव्हाही तो सतत पुसला जातो आणि पुन्हा रेखला जातो. शेजारच्या टाकीत मासा खरोखरच स्थिर असतो. फक्त छातीचे पर आणि कल्ले हलताहेत. दोन स्थिरता दिसायला सारख्या. एकीमागे वीज काम करते आहे, दुसरीमागे श्वास.

मग मासा चौकटीबाहेर जातो, आणि इथे ही रचना खरी खुलते. पडद्यावरून गेलेला मासा गेला. त्याच्यामागे जायला वाट नाही. कॅमेरा जिथे पाहतो तिथेच आपण पाहायचं. टाकीतून दिसेनासा झालेला मासा मात्र अर्धं पाऊल बाजूला सरकलं, मान जरा वाकवली की पुन्हा दिसतो. तो कोपऱ्यात होता, चौकटीच्या कडेआड. टीव्हीपुढे बसून बसून आपली मान हलायची विसरली होती, हे तेव्हा जाणवतं. पडदा बसल्या जागी सगळं आणून देतो. टाकी पाहणाऱ्याला उठवते.

आणखी एक गोष्ट मला या रचनेतली सर्वांत सुंदर वाटते, आणि ती टीव्हीच्या अंगातच दडलेली होती. जुना टीव्ही खोल असतो, कारण पिक्चर ट्यूब खोल असते. मागच्या निमुळत्या मानेत इलेक्ट्रॉन गन, तिच्यासमोर रुंदावत जाणारी काचेची निर्वात पोकळी आणि अगदी पुढे फॉस्फरचा लेप दिलेला पडदा. झोताला सगळा पडदा झाडून काढता यावा म्हणून एवढं अंतर लागतं. घरोघरी टीव्हीने भिंतीपासून जागा अडवली ती याच कारणाने. म्हणजे एक सपाट चित्र काढायला हातभर खोली लागायची, आणि ती खोली कुणाला दिसायची नाही. मासे आत आले आणि ती खोली प्रथमच कामाला लागली. मासा मागे जातो, लहान होतो, वळतो, काचेपर्यंत येतो. चित्र काढण्यासाठी जी जागा झाकून ठेवलेली होती ती आता चित्राचीच जागा झाली. आजच्या भिंतीला चिकटणाऱ्या टीव्हीत हे होणारच नाही. त्याच्या पोटात पाणी मावायला पोटच नाही.

टीव्हीचं माशांशी नातं मात्र पाईकच्या आधीपासूनचं आहे. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये बीबीसीच्या दोन कार्यक्रमांच्या मध्ये वेळ पडला की छोट्या फिल्म दाखवत. कुंभाराच्या चाकाची फिल्म त्यातली सर्वांत गाजलेली. मत्स्यालयातल्या माशांचीही एक होती. दाखवायला काही नसेल तेव्हा मासे दाखवावेत, हे टीव्हीलाही सुचलं होतं. आपल्याकडे दूरदर्शनने अशा वेळी 'व्यत्यय'ची पाटी दाखवली. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना आठवेल, पाटी लागली म्हणून कुणी उठून जात नसे. टीव्हीचं शटर उघडलेलं, पडदा उजळलेला, घरातले आणि शेजारपाजारचे सगळे त्या पाटीकडे पाहत बसलेले. कार्यक्रमाआधीही माणसं त्या उजळलेल्या चौकटीला बांधली गेली होती, हे त्या पाटीने दाखवून दिलं. आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण १५ ऑगस्ट १९८२ ला सुरू झालं. आपण रंगांची वाट पाहत होतो त्याच वर्षी पाईक त्या चौकटीत पाणी भरत होता. त्याने त्या नजरेची टिंगल केली नाही. टक लावून, वाट पाहत, काहीतरी घडेल या आशेने बसलेली ती नजर त्याने तशीच घेतली आणि तिच्यासमोर काहीतरी खरं ठेवलं.

माशांचा वेगळा उपयोग त्याने 'व्हिडिओ फिश'मध्ये केला. तिथे टाक्या पुढे आणि टीव्ही मागे. पडद्यावर वेगाने बदलणारी दृश्यं, त्यांत नर्तक मर्स कनिंगहॅमही नाचतो आहे, आणि त्या सगळ्यापुढून मासे आपल्या गतीने जाताहेत. मागच्या चित्राला घाई आहे, पुढच्या माशाला नाही. ही रचना डोळ्यांना जास्त श्रीमंत वाटते. नाच आणि पोहणं यांची मधूनच लय जुळते, तेव्हा ती फार देखणी दिसते. तरीही माझी पसंती दोन खोक्यांच्या रचनेला. 'व्हिडिओ फिश'मध्ये मासा चित्रात भर घालतो. 'रिअल फिश / लाइव्ह फिश'मध्ये तो चित्राला प्रश्न विचारतो.

आता घरगुती टाक्यांकडे वळतो. पाईकने मांडलेला विचार टिकतो की नाही, हे तिथेच ठरतं. टीव्हीत टँक करणाऱ्याच्या हाताची पहिली कसोटी म्हणजे पिक्चर ट्यूब. ती निर्वात असते, तिच्या काचेत शिसं असतं, आणि रंगीत संचात तिच्यावर २० ते २५ हजार व्होल्टपर्यंतचा दाब असतो. संच बंद केल्यावरही तो भार ट्यूबमध्ये साठून राहू शकतो. म्हणून ती जाणत्या टीव्ही मेकॅनिककडूनच काढून घ्यावी आणि ई-कचऱ्यात द्यावी. ट्यूबच्याच काचेत पाणी भरायचा मोह कुणी धरू नये. आत बसते ती स्वतंत्र, सिलिकॉनने जोडलेली काचेची टाकी. साधारण २१ इंची संचाच्या चौकटीमागे ४० सेंटिमीटर लांब, ३० उंच आणि २५ खोल टाकी बसली तर तिच्यात ३० लिटर पाणी मावतं. म्हणजे नुसतं पाणीच ३० किलो. वर काच आणि खडी. टीव्हीच्या तळाची फळी एवढ्या ओझ्यासाठी आणि ओलाव्यासाठी केलेली नसते. म्हणून आतून नवा सांगाडा घालावा लागतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो दिसत नाही, आणि दिसूही नये.

दुसरी कसोटी पाण्याच्या पातळीची. माझ्या मते चांगली आणि सामान्य टाकी इथे वेगळी होते. पाण्याची वरची रेघ चौकटीत दिसली की खोक्यात पाणी भरलं आहे एवढंच दिसतं. तीच रेघ चौकटीच्या वरच्या कडेच्या दोन बोटं वर, कडेआड ठेवली की पाणी कुठे संपतं हे कळत नाही आणि मासे एका अथांग जागेत तरंगू लागतात. डोळा पाण्याच्या पातळीखाली ठेवून जरा वर पाहिलं तर पृष्ठभागाची खालची बाजू चांदीच्या आरशासारखी चमकते आणि तिच्यात माशांची उलटी प्रतिबिंबं पोहताना दिसतात. पाण्यातली खोली डोळ्याला सुमारे पाऊणपट भासते. म्हणजे २४ सेंटिमीटर खोल टाकी समोरून १८ सेंटिमीटरच वाटते. जाणकार माणूस मागची काच गडद ठेवतो, खडी मागे चढती घालतो, उंच वनस्पती मागच्या कोपऱ्यांत लावतो आणि हरवलेली खोली परत मिळवतो.

तिसरी कसोटी उजेडाची. टीव्हीचा उजेड आतून समोर येतो, म्हणून पुष्कळजण टाकीतही समोरून किंवा मागून दिवा लावतात. त्याने मासे चपटे दिसतात. बहुतेक माशांची पाठ गडद आणि पोट फिकं असतं, कारण त्यांचं शरीर वरून येणाऱ्या उजेडासाठी घडलेलं आहे. म्हणून दिवा वरच लावावा. निऑन टेट्राचा तो प्रसिद्ध निळा पट्टा घ्या. हा वरच्या ॲमेझॉनमधला मासा १९३६ मध्ये शास्त्रीय नावानिशी नोंदला गेला. त्याच्या पट्ट्यात निळं रंगद्रव्य नाही. कातडीतल्या अतिसूक्ष्म परावर्तक स्फटिकांवर उजेड पडून तो निळा दिसतो. मासा वळला की निळ्याचा हिरवा होतो, आणि रात्री मासा विसावला की पट्टा मंदावतो. उजळण्याचं काम आता खोकं करत नाही, मासा करतो, आणि त्यालाही विसावा लागतो.

चौथी कसोटी जिवाची, आणि तिच्यापुढे पहिल्या तिन्ही दुय्यम. ३० लिटरमध्ये निऑनचा एक लहान थवा किंवा काही गप्पी बरे राहतात. गोल्डफिश यात कोंबू नये. तो थंड पाण्यातला, भरपूर वाढणारा मासा आहे. उष्ण कटिबंधातल्या माशांना साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान स्थिर हवं. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात येतो. तो विषारी असतो. फिल्टरमध्ये आणि खडीत वाढणारे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग त्याहून कमी घातक नायट्रेट करतात. नव्या टाकीत ही साखळी बसायला काही आठवडे जातात, आणि त्याआधी घाईने सोडलेले मासे दगावतात. त्यानंतरही दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलायचं, खाणं चिमटीने मोजून घालायचं. टीव्हीच्या कॅबिनेटला वरून झाकण उघडायची सोय केली नसेल तर हे सगळं अवघड होतं, आणि अवघड झालेलं काम हळूहळू टळतं. पुढून देखणी असलेली टाकी मागून वर्षभर सांभाळता येण्यासारखी आहे का, हे मी आधी पाहतो. तशी नसेल तर कारागिराने टीव्हीचाच विचार केला, माशाचा नाही.

इथे पाईकच्या रचनेवरही एक आक्षेप घेता येतो आणि तो घेतला पाहिजे. जिवंत प्राण्याला कलाकृतीचं साधन करण्याचा अधिकार कलावंताला कुणी दिला? २००० साली डेन्मार्कमधल्या ट्रापहोल्ट संग्रहालयात मार्को एव्हारिस्टी या कलावंताने मिक्सरच्या भांड्यांत गोल्डफिश ठेवले आणि बटण दाबायचं की नाही हे प्रेक्षकांवर सोडलं. काहींनी दाबलं. प्रकरण न्यायालयात गेलं आणि २००३ मध्ये संग्रहालयाच्या संचालकाची निर्दोष सुटका झाली. तिथे मासा फक्त प्रेक्षकाची परीक्षा घ्यायला होता. त्याचं जगणं किंवा मरणं हा त्या परीक्षेचा निकाल. पाईकच्या टाकीत मासा जगला तरच कलाकृती उरते. प्रदर्शन उघडण्याआधी कुणीतरी पाणी तपासतं, खाणं घालतं, संध्याकाळी दिवा घालवतं. आक्षेप याने पूर्ण मिटत नाही, कारण मासा स्वतः होऊन या खोक्यात आलेला नाही. परंतु त्याला आणणाऱ्यावर रोजची जबाबदारी या रचनेने टाकली आहे, आणि ती झटकली तर रचनाच मोडते. मला ती तिथेच पटते.

टीव्हीने आपल्याकडून कधी काही मागितलं नाही. चालू केला की चित्र हजर, बंद केला की गेलं. आपण पाहिलं काय, न पाहिलं काय, त्याचं काही बिघडत नसे. इतकी बिनजबाबदार नजर माणसाला त्याआधी क्वचितच मिळाली असेल. पाईकने त्याच चौकटीत, त्याच काचेमागे असं चित्र ठेवलं की ज्याच्याकडे दुर्लक्ष होत राहिलं तर ते आजारी पडेल. 'टाकाऊतून टिकाऊ' हे वर्णन मला उलटं वाटतं ते यासाठीच. टीव्ही टिकाऊ होता. मासा टिकाऊ नाही. तो टिकवावा लागतो.

पुढे काळाने या रचनेत आणखी एक अर्थ भरला. पिक्चर ट्यूबचे कारखाने बंद झाले. पाईकचाच, १,००३ टीव्हींचा 'द मोअर द बेटर' हा मनोरा दक्षिण कोरियातल्या ग्वाचॉनच्या राष्ट्रीय संग्रहालयात १९८८ पासून उभा आहे. जुने संच धोकादायक झाल्यामुळे तो २०१८ मध्ये बंद करावा लागला आणि दीर्घ दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये पुन्हा चालू झाला. जगभरची संग्रहालयं आता जुन्या ट्यूब शोधतात, साठवतात, जपून वापरतात. 'रिअल फिश / लाइव्ह फिश'मधला मासा मेला तर त्याच्या जातीचा दुसरा आणता येतो, कारण मासे जन्माला येतात. शेजारच्या टीव्हीतली ट्यूब गेली तर तिच्या जातीची नवी कुठेच जन्माला येत नाही. १९८२ मध्ये यातल्या एका खोक्याला सांभाळणारं माणूस लागत होतं. आज दोन्हींना लागतं.

म्हणून माळ्यावरचा जुना टीव्ही खाली काढून त्यात मासे सोडायचं कुणाच्या मनात असेल, तर मी त्याला अडवणार नाही, उलट हौसेने पाहायला जाईन. फक्त अशी टाकी पहिल्या दिवशी पाहू नये. त्या दिवशी सगळ्याच टाक्या सुंदर असतात. टँक कसा झालाय, हे सहा महिन्यांनी विचारावं.